पेशव्यांची यादी आणि रेंगाळणारी क्वेरी

इंटरनेटवरचा एखादा आयपी पत्ता कोणत्या देशातला आणि कोणत्या सेवादात्याचा आहे हे सांगणारे एक टेबल आमच्या कामात बरीच वर्षे वापरात आहे. त्यात महत्त्वाचे कॉलम तीनच आहेत: पत्त्यांचा पट्टा कुठून सुरू होतो, कुठे संपतो आणि तो कोणाकडे आहे. पहिल्या दोन कॉलमांना मी या लेखात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ म्हणणार आहे. ओळी साधारण ३० लाख. प्रश्नही सरळ आहे: ज्या ओळीचा ‘पासून’ दिलेल्या पत्त्याहून मोठा नाही आणि ‘पर्यंत’ त्याहून लहान नाही, ती ओळ द्या. उत्तरात एक ओळ येते किंवा एकही येत नाही. ‘पासून’वर इंडेक्स (मूल्ये क्रमाने लावलेली शोधसूची) होता, ‘पर्यंत’वरही होता, आणि तरीही ही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला हा प्रश्न, कधी दोन मिलिसेकंदांत तर कधी जवळजवळ अर्ध्या सेकंदात उत्तर देत असे. अर्धा सेकंद ऐकायला फार वाटत नाही. पण संकेतस्थळावर येणाऱ्या प्रत्येक विनंतीमागे ही क्वेरी एकदा चालत असेल, तर त्या अर्ध्या सेकंदाची बघता बघता रांग होते.

आधी पत्त्यांविषयी थोडे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतला पत्ता आपण चार आकड्यांत लिहितो, पण मुळात तो ३२ बिटांचा एकच पूर्णांक असतो. उदाहरणे देण्यासाठीच राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी २०३.०.११३.७ हा घेतला, तर तो पूर्णांक ३,४०,५८,०३,७८३ होतो; एकूण शक्य पत्ते ४,२९,४९,६७,२९६ आहेत. पत्ता मजकूर म्हणून साठवला तर ‘१०३’ हा ‘२०’च्या आधी लागतो आणि पुढचे सगळेच गणित चुकते, म्हणून तो पूर्णांकातच ठेवावा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चिन्हविरहित पूर्णांक नाही, त्यामुळे तिथे बिगइंट, म्हणजे ६४ बिटांचा पूर्णांक, घ्यावा लागतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये साधा इंट घेऊन ‘अनसाइन्ड’ लिहायचे विसरले की १२७च्या पुढचे निम्मे जग टेबलात मावत नाही. हे एवढे आमच्याकडे आधीपासून नीट होते. दुखणे दुसरीकडे होते.

ते दुखणे मला कागदावर नीट समजले ते पेशव्यांच्या यादीमुळे. शाळेत पाठ केलेली सनावळी आठवून पाहा: बाळाजी विश्वनाथ १७१३, पहिला बाजीराव १७२०, नानासाहेब १७४०, माधवराव १७६१, नारायणराव १७७२, आणि पुढे १८१८ला संपणारा दुसरा बाजीराव. आता कोणी विचारले की १७६५ साली पेशवेपदावर कोण होते, तर आपण काय करतो? यादीवरून बोट फिरवत १७६५ च्या आधी सुरू झालेले शेवटचे नाव शोधतो, माधवरावांवर थांबतो, त्यांची कारकीर्द १७७२ पर्यंत होती एवढे पाहतो आणि उत्तर देतो. बाळाजी विश्वनाथांची कारकीर्द कधी संपली हे तपासायला आपण मागे जात नाही. कारण एका वेळी पेशवेपदावर एकच माणूस असतो हे आपल्याला विचारण्याआधीच ठाऊक असते.

डेटाबेसला हेच ठाऊक नसते. त्याच्या लेखी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ हे दोन स्वतंत्र कॉलम आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बाळाजी विश्वनाथांची कारकीर्द १७१३ ते १९०० अशी नोंदलेली असणे त्याच्या दृष्टीने अगदी शक्य आहे, आणि ती तशी नाही याची खात्री करून घेण्यासाठी त्याला ती नोंद उघडून पाहावीच लागते. म्हणून १७६५ च्या आधी सुरू झालेले सगळे पेशवे तो एकेक करून तपासतो. यादीत चार नावे असतील तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही; ३० लाख असतील तर येते.

बी-ट्री इंडेक्सच्या आत नेमके काय घडते ते पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बोइंगच्या प्रयोगशाळेत काम करताना १९७० च्या सुमारास ही रचना मांडली आणि आज जवळजवळ प्रत्येक रिलेशनल डेटाबेसचा नेहमीचा इंडेक्स तिच्यावरच उभा आहे. (‘बी’ म्हणजे बायर, बोइंग की बॅलन्स्ड, हे दोघांनी कधी स्पष्ट केले नाही, मला ते आवडते.) पोस्टग्रेसचे पान, म्हणजे एका वेळी वाचला जाणारा तुकडा, ८ किलोबाइटचे असते. बिगइंटवरच्या इंडेक्समध्ये एका पानात साडेतीनशेच्या आसपास नोंदी मावतात, म्हणजे ३० लाख ओळींसाठी तळाशी आठ-साडेआठ हजार पाने लागतात आणि त्यांच्यावर जेमतेम दोन पातळ्या चढतात. मुळापासून तळाच्या नेमक्या पानापर्यंत पोहोचायला तीन पाने वाचली की झाले. तेव्हा हा इंडेक्स शोधण्यात हळू नाही. तो शोधतो क्षणात. वेळ जातो तो शोध लागल्यानंतरच्या चालण्यात. ‘पासून’ दिलेल्या संख्येहून मोठा नसलेल्या सगळ्या नोंदी म्हणजे तळाच्या पानांचा सुरुवातीपासून त्या ठिकाणापर्यंतचा अखंड पट्टा, आणि तो पूर्ण चालून जाताना प्रत्येक नोंदीपाशी थांबून ‘पर्यंत’ तपासावा लागतो.

यावर सर्वांना पहिला सुचणारा उपाय म्हणजे दोन्ही कॉलमांचा मिळून एक इंडेक्स. मलाही तोच सुचला होता आणि त्याने मला दोन दिवस फसवले. जोड-इंडेक्समध्ये नोंदी आधी ‘पासून’प्रमाणे लावलेल्या असतात, आणि ‘पासून’ सारखाच असेल तरच ‘पर्यंत’प्रमाणे. आपल्या टेबलात प्रत्येक ‘पासून’ वेगळा आहे, म्हणजे दुसऱ्या कॉलमाच्या क्रमाला काही अर्थच उरत नाही. फोनच्या यादीत आडनावानंतर नावाचा क्रम असला तरी ‘कुलकर्णींच्या आधीचे सगळे, ज्यांचे नाव मंदारच्या नंतर येते’ अशी माणसे काढायला तो उपयोगी पडत नाही, तसेच हे. फायदा झाला तो एवढाच की ‘पर्यंत’ पाहायला टेबलाच्या मूळ ओळीपर्यंत जावे लागत नव्हते, इंडेक्समध्येच तो मिळत होता. त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा पाव सेकंद झाला आणि मला वाटले की दिशा बरोबर आहे.

फसवले म्हणतो ते एका विशिष्ट गोष्टीमुळे. एकाच कॉलमाचा इंडेक्स असताना पोस्टग्रेसच्या एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझमध्ये, म्हणजे क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या अहवालात, ‘रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर’ (तपासून गाळलेल्या ओळी) अशी ओळ दिसते आणि तिच्यासमोर काही लाखांचा आकडा असतो; तो पाहिला की दुखणे लगेच कळते. जोड-इंडेक्स केल्यावर ती ओळ नाहीशी होते. दोन्ही अटी ‘इंडेक्स कंड’ (इंडेक्सच्या अटी) या शीर्षकाखाली नीटनेटक्या लिहिलेल्या दिसतात, फिल्टर उरत नाही आणि बघणाऱ्याला वाटते की इंडेक्सने दोन्ही अटी सोडवल्या. प्रत्यक्षात पहिल्या अटीने चालायची हद्द ठरवलेली असते आणि दुसरी अट त्या हद्दीतल्या प्रत्येक नोंदीवर तपासली जात असते. खरे काय ते फक्त ‘बफर्स’ची, म्हणजे किती पाने वाचली याची, ओळ सांगते. एक ओळ आणण्यासाठी तिथे नऊ हजारांहून अधिक पानांचा आकडा दिसला तेव्हा माझे डोळे उघडले. पोस्टग्रेसच्या १८व्या आवृत्तीपासून एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ ही माहिती आपणहून देते. त्याआधीच्या आवृत्त्यांत ती मागावी लागते, आणि मी ती मागत नसे. आता किती वेळ लागला हे मी नंतर पाहतो. किती पाने वाचली हे आधी पाहतो. वेळ यंत्राच्या लहरीप्रमाणे बदलतो, पानांची संख्या सहसा बदलत नाही.

त्याच प्लॅनमध्ये आणखी एक विनोदी आकडा होता. ‘पासून’ची अट ८० टक्के ओळींना लागू पडते आणि ‘पर्यंत’ची २० टक्क्यांना, असे प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची हे ठरवणाऱ्या भागाला, आकडेवारीवरून समजते; दोन्ही अटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरून तो गुणाकार करतो, म्हणजे १६ टक्के. तीस लाखांपैकी १६ टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार ओळी मिळतील असा त्याचा अंदाज, आणि मिळते एकच ओळ. हा अंदाज एकट्या क्वेरीत निरुपद्रवी असतो. पण हीच क्वेरी मोठ्या जोडणीचा भाग असेल, तर पावणेपाच लाख ओळी येणार या समजुतीने तो पुढचा सगळाच मार्ग भलता निवडतो.

क्वेरी कधी जलद आणि कधी हळू का, हेही आता उघड होते. मूळ विकसकाने, म्हणजे काही वर्षांपूर्वीच्या मीच, ही क्वेरी ८.८.८.८ या सर्वांना पाठ असलेल्या पत्त्यावर तपासली होती. पूर्णांकात तो १३ कोटींच्या थोडा पुढे येतो, म्हणजे एकूण विस्ताराच्या पहिल्या तीन-सव्वातीन टक्क्यांत. त्याच्या आधी चालण्याजोगे अंतर फारसे नव्हतेच. आशियाच्या वाट्याला आलेले पत्ते मात्र १०३, ११७, १८२, २०३ असे पुढेपुढे विखुरलेले आहेत, आणि आमचे बहुतेक वाचक भारतातले. तपासणी यादीच्या तोंडाशी झाली आणि वापर यादीच्या शेपटाशी झाला.

उपाय पेशव्यांच्या यादीवर बोट फिरवण्याइतकाच सोपा आहे. क्वेरीला सांगायचे की ज्यांचा ‘पासून’ दिलेल्या संख्येहून मोठा नाही अशा ओळी ‘पासून’च्या उतरत्या क्रमाने लाव आणि त्यांतली पहिली एकच दे, म्हणजे ‘ऑर्डर बाय’ उतरता आणि ‘लिमिट’ एक. बी-ट्रीची तळाची पाने दोन्ही बाजूंनी साखळीसारखी जोडलेली असतात, त्यामुळे उलट चालायला वेगळा इंडेक्स लागत नाही. तीन पाने उतरायची, तिथली एक नोंद उचलायची, टेबलातली तिची ओळ आणायची, की काम संपले. नऊ हजार पानांची चार पाने झाली आणि वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्याही खाली गेला. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणयंत्रणेत तर ‘पासून’लाच प्रायमरी की (ओळीची मुख्य ओळख) केले, तर ओळ तळाच्या पानातच असते आणि ते शेवटचे एक पाऊलही वाचते.

इथे मी जी चूक केली ती सविस्तर सांगितली पाहिजे, कारण नंतर मी तीच चूक दोन निराळ्या सहकाऱ्यांच्या हातून होताना पाहिली आहे. पट्ट्यांमध्ये मोकळ्या जागा असतात. प्रत्येक पत्ता कोणाला ना कोणाला दिलेला असतोच असे नाही. त्यामुळे मिळालेल्या ओळीचा ‘पर्यंत’ खरोखर आपल्या संख्येच्या पुढे आहे ना हे तपासावे लागते. मी ती अट सहजपणे त्याच क्वेरीत ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे अटींच्या भागात, टाकली. वाचताना ती अगदी योग्य वाटते आणि उत्तरही नेहमी बरोबर देते. पत्ता एखाद्या पट्ट्यात असेल तर पहिल्याच नोंदीवर अट पूर्ण होते आणि क्वेरी थांबते. पण पत्ता मोकळ्या जागेत पडत असेल तर पहिली नोंद अट पूर्ण करत नाही, मग ‘लिमिट’ला हवी असलेली एक ओळ मिळावी म्हणून डेटाबेस तिच्या मागची नोंद पाहतो, मग तिच्या मागची, आणि अशा रीतीने मागे मागे जात टेबलाच्या आरंभाला जाऊन टेकतो. म्हणजे उत्तर ‘कोणीच नाही’ असे असेल तेव्हा क्वेरी पहिल्याइतकीच वाईट होते.

आमच्याकडे चाचण्या सगळ्या खऱ्या पत्त्यांवर झाल्या आणि सगळ्या उत्तीर्ण झाल्या. बदल चालू केला आणि पंधरा-वीस मिनिटांत डेटाबेसचा प्रोसेसर पूर्वीपेक्षा जास्त तापला. वाचकांच्या विनंत्या खरोखरच जलद झालेल्या होत्या. मग ही भर कुठून आली? विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटून देणारा लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला ‘जिवंत आहेस का’ असे विचारतो. ती विनंतीही पत्ता शोधणाऱ्या त्याच वाटेने जात होती, आणि तिचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे खाजगी जाळ्यातला होता. असे पत्ते सार्वजनिक इंटरनेटवर कोणालाच दिले जात नाहीत, त्यामुळे ते टेबलात असण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय हा पत्ता संख्येने विस्ताराच्या पाऊणभर अंतरावर येतो. प्रत्येक विचारपूस टेबलातल्या बहुतेक नोंदी उलट्या चालून जात होती, आणि हाती काहीही न घेता परतत होती.

दुरुस्ती एका कंसाची आहे. उतरत्या क्रमाची आणि ‘लिमिट’ची क्वेरी आतल्या कंसात ठेवायची, तिच्यात फक्त ‘पासून’ची अट असू द्यायची, आणि ‘पर्यंत’ची तपासणी त्या कंसाच्या बाहेर, हाती आलेल्या एकाच ओळीवर करायची. आत एक ओळ ठरली की मागे फिरायचे कारणच उरत नाही. खाजगी पत्ते डेटाबेसपर्यंत जाऊच नयेत अशी सोयही आम्ही वर केली, पण ती वेगळी गोष्ट. कंस चुकीचा असता तर मोकळ्या जागेत पडणारा दुसरा कुठला तरी पत्ता उद्या आलाच असता.

याहूनही मला आवडणारा मार्ग म्हणजे मोकळ्या जागा उरूच न देणे. फाइल भरताना जिथे पट्टा संपतो आणि पुढचा लगेच सुरू होत नाही, तिथे ‘अज्ञात’ अशी एक ओळ घालायची. मग प्रत्येक संख्या कोणत्या ना कोणत्या ओळीत पडतेच, एका पट्ट्याचा शेवट म्हणजे पुढच्याची सुरुवात असे नाते पक्के होते आणि शोधताना ‘पर्यंत’ची गरजच संपते.

हे सगळे ज्या एका गृहीतकावर उभे आहे ते म्हणजे पट्टे एकमेकांवर चढत नाहीत. ते मोडले तर काय होते हे पाहायला तीच यादी पुन्हा घ्या, मात्र कारकिर्दीऐवजी आयुष्याची: नानासाहेब १७२० ते १७६१, रघुनाथराव १७३४ ते १७८३, माधवराव १७४५ ते १७७२, नारायणराव १७५५ ते १७७३. आता १७६५ साली यांपैकी हयात कोण, असा प्रश्न आला आणि आपण मघासारखे ‘१७६५ पूर्वी जन्मलेला शेवटचा’ असे विचारले, तर एकटे नारायणराव मिळतील आणि प्रत्यक्ष पेशवेपदावर असलेले माधवरावच गळतील. क्वेरी कुठलीही चूक दाखवणार नाही. जलद आणि चुकीचे उत्तर मिळेल, आणि हळू पण बरोबर उत्तरापेक्षा ते कितीतरी वाईट. आमच्याकडे येणाऱ्या फाइलमध्येही अशा काही ओळी निघाल्या, जिथे मोठ्या पट्ट्याच्या पोटात दुसऱ्याच कोणाचा लहान पट्टा होता. त्या शोधायला विंडो फंक्शन पुरते: ओळी ‘पासून’च्या क्रमाने लावून प्रत्येक ओळीच्या आधी आलेल्या सर्व ओळींतला सर्वांत मोठा ‘पर्यंत’ काढायचा, आणि तो या ओळीच्या ‘पासून’ला गाठतो का ते पाहायचे. फक्त लगतच्या मागच्या ओळीशी ताडले तर मोठ्या पट्ट्याच्या पोटातल्या दुसऱ्या, तिसऱ्या लहान पट्ट्याची टक्कर नजरेतून सुटते.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना ही खात्री डेटाबेसकडूनच घेता येते. २०१० साली आलेल्या ९.० आवृत्तीत ‘एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट’ आले आणि २०१२ च्या ९.२ आवृत्तीत ‘रेंज टाइप’ आले. दोन्हींमागे प्रामुख्याने जेफ डेव्हिस यांचे काम आहे. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन सुटे कॉलम न ठेवता पट्टा हेच एक मूल्य म्हणून साठवता येते, आणि ‘या पट्ट्यावर चढणारा दुसरा पट्टा या टेबलात चालणार नाही’ असे जाहीर करता येते. चुकीची ओळ भरायला गेले की डेटाबेस ती तिथेच नाकारतो. पूर्णांकांचे पट्टे आतून नेहमी ‘आरंभ धरून, शेवट सोडून’ या एकाच रूपात ठेवले जातात. १ ते १० दोन्ही धरून लिहिले तरी ते १ पासून ११ च्या आधीपर्यंत असे होतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपला आकडा कोणी बदलला असे वाटते, पण त्यामुळे एकाला एक लागून असलेले पट्टे ओळखणे सोपे जाते.

अशा कॉलमावर बी-ट्रीऐवजी जिस्ट इंडेक्स लावतात. अँटोनिन गटमन यांनी १९८४ साली नकाशावरच्या चौकटी शोधण्यासाठी आर-ट्री मांडली. जिस्ट ही त्याच कल्पनेला १९९५ साली दिलेली सर्वसाधारण चौकट आहे. तिच्यात वरच्या प्रत्येक पानावर खालच्या पट्ट्यांना कवेत घेणारा एक मोठा पट्टा लिहिलेला असतो, आणि आपली संख्या ज्या मोठ्या पट्ट्यात नाही त्याच्या खालचे सगळे एका फटक्यात वगळता येते. पट्टे एकमेकांवर चढत असले तरी उत्तर बरोबरच येते, हयात असलेले सगळे मिळतात. हा इंडेक्स बांधायला वेळ जास्त लागतो, तो जागाही जास्त खातो, आणि न चढणाऱ्या पट्ट्यांच्या साध्या शोधात माझ्या मोजणीत बी-ट्रीच्या ‘लिमिट’ युक्तीच्या थोडा मागेच राहिला. तरीही नवे टेबल असेल आणि पट्टे स्वच्छ असतील याची शाश्वती नसेल तर मी हाच निवडतो. मायएसक्यूएलमध्ये रेंज टाइप नाहीत. तिथे पट्टा म्हणजे भूमितीतली एक रेघ समजून स्पेशियल इंडेक्स, म्हणजे नकाशांसाठीचा इंडेक्स, लावण्याची जुनी युक्ती आहे, आणि ५.७ आवृत्तीपासून इनोडीबीमध्येही ती चालते. चालते खरी, पण सहा महिन्यांनी ते टेबल वाचणाऱ्या माणसाला पत्त्यांच्या जागी रेघा का आहेत हे समजावून सांगण्याची तयारी ठेवावी लागते.

पट्टे एकमेकांवर चढणारच आहेत पण त्यांची लांबी मर्यादित आहे, अशा ठिकाणी साध्या बी-ट्रीवरही भागते. शहरातल्या सगळ्या मंगल कार्यालयांच्या आरक्षणांचे टेबल घ्या आणि अमुक तारखेला कोणकोणती कार्यालये अडकलेली आहेत असे विचारा. कोणतेही आरक्षण तीन दिवसांहून लांब नसते एवढे ठाऊक असेल, तर त्या तारखेला चालू असलेले आरक्षण त्या दिवशी किंवा फार तर त्याच्या आदल्या दोन दिवसांत सुरू झालेले असणार. ही अट क्वेरीत स्पष्ट लिहिली की टेबलाच्या आरंभापासून चालण्याऐवजी इंडेक्सचा तीन दिवसांचा तुकडा वाचून काम होते. अर्थात मर्यादा कोणाच्या तरी डोक्यात असून चालत नाही, टेबलावर ‘चेक’ म्हणून लिहिलेली असावी लागते. नाहीतर कोणी पाच दिवसांचा सोहळा नोंदवतो आणि चौथ्या दिवशी कार्यालय मोकळे दिसते.

एका पत्त्याऐवजी लाखो पत्त्यांची नोंदवही पट्ट्यांशी जोडायची असेल तेव्हा हळूपणा खरा टोचतो. रात्री चालणारे आमचे एक काम दिवसभराच्या नोंदींना देश चिकटवत असे, आणि त्यात सरळ ‘बिटवीन’ची जोडणी होती, प्रत्येक नोंदीसाठी लाखो पट्टे तपासले जात आणि काम सकाळी कार्यालय उघडले तरी संपलेले नसे. इथे तीच कंसातली क्वेरी प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्रपणे चालवायची असते, आणि त्यासाठी ‘लॅटरल’ जोडणी आहे: पोस्टग्रेसमध्ये ९.३ पासून, मायएसक्यूएलमध्ये ८.०.१४ पासून, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘क्रॉस अप्लाय’ या नावाने. आमच्या कामात त्याआधी आणखी एक बिनखर्चाची सुधारणा होती, ती म्हणजे पत्ते आधी एकेरी करून घेणे. एकच माणूस दिवसभरात दोनशे पाने उघडतो, त्याचा देश दोनशे वेळा शोधण्यात काय हशील. या दोन बदलांनंतर ते काम चहा संपायच्या आत संपू लागले. विश्लेषणासाठी डकडीबीसारखे साधन हाताशी असेल तर त्यात ‘अ‍ॅज-ऑफ’ नावाची जोडणी थेट मिळते, जी दोन्ही बाजू क्रमाने लावून हेच काम करते. पोस्टग्रेसमध्ये ती अजून नाही, याची मला खंत आहे.

हेच टेबल तारखांच्या वेषात सगळीकडे भेटते. जीएसटीचे दर घ्या: १ जुलै २०१७ ला कर लागू झाला, त्यानंतर अनेक वस्तूंचे दर बदलले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तर मोठाच फेरबदल झाला. जुन्या बिलाचा दर काढायचा म्हणजे त्या वस्तूचा, बिलाच्या तारखेला किंवा तिच्या आधी सुरू झालेला शेवटचा दर काढायचा. इथे इंडेक्समध्ये वस्तू आधी आणि ‘पासून’ तारीख नंतर, असाच क्रम हवा, कारण बरोबरीची अट असलेला कॉलम पुढे असला तरच मागच्या कॉलमातला क्रम कामाला येतो; आमच्या आयपीच्या टेबलात जोड-इंडेक्सचा जो उपयोग झाला नाही तो इथे पुरेपूर होतो. चालू दराची ‘पर्यंत’ तारीख बहुतेक जण नल, म्हणजे रिकामी, ठेवतात आणि मग क्वेरीत ‘नल असेल तर ९९९९ साल समज’ असे फंक्शन लावतात, ज्यामुळे त्या कॉलमावरचा साधा इंडेक्स निकामी होतो. पोस्टग्रेसच्या तारखेत ‘इन्फिनिटी’ हे मूल्यच आहे, ते ठेवावे. किंवा ‘पर्यंत’ काढूनच टाकावा, कारण पुढचा दर सुरू झाला की आधीचा संपलाच.

आमच्या आयपीच्या टेबलातून मी ‘पर्यंत’ कॉलम अजून काढलेला नाही. मोकळ्या जागा ‘अज्ञात’ ओळींनी भरल्यामुळे शोधणारी कोणतीही क्वेरी तो आता वाचत नाही. दर आठवड्याला नवी फाइल येते तेव्हा मोकळ्या जागा आणि एकमेकांवर चढलेले पट्टे शोधण्यापुरता तो उरला आहे, आणि त्याच्यावरचा इंडेक्स मात्र मी गेल्या महिन्यात मोडला.